मोपा ते अम्मान: पहिल्या फिंजानपर्यंत अंगात त्राण कसे ठेवावे

गोव्याहून जॉर्डनला जाताना हवेत काढायचे तास तसे फार नाहीत. आखातातल्या एखाद्या विमानतळापर्यंत ३ ते ४ तास, पुढे अम्मानला साधारण तेवढेच. माणूस दमतो तो मधल्या सगळ्या गोष्टींनी: वाळपईहून किंवा काणकोणहून अपरात्री निघणे, तीन तास आधी पोचणे, भलत्या वेळी विमान बदलणे, व्हिसाची रांग. घराच्या उंबऱ्यापासून यजमानाच्या उंबऱ्यापर्यंत १६ ते १८ तास सहज जातात. आणि तिथे पोचल्यावर लगेच आडवे व्हायला मिळत नाही. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे बैठकीत जमलेले असतात, कॉफी तयार असते, आणि पाहुण्याने बसावे, प्यावे, खावे, बोलावे एवढीच त्यांची अपेक्षा असते. म्हणून या प्रवासाची आखणी उलटीकडून करावी. पहिला फिंजान, म्हणजे अरबी कॉफीचा छोटा कप, किती वाजता हातात पडणार ते आधी ठरवायचे आणि तिथून मागे येत तिकीट, झोप, जेवण आणि सामान बसवायचे.

तिकीट काढताना

अम्मानचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. २०२२ पासून तिथे उन्हाळ्या-हिवाळ्याची वेळ बदलत नाही, त्यामुळे हा हिशेब वर्षभर तोच. तिथे रात्रीचे १० वाजतात तेव्हा आपल्या अंगात साडेबारा वाजलेले असतात, आणि जॉर्डनमध्ये भेटीगाठींना रंग चढतो तो नेमका तेव्हाच. मुख्य जेवण दुपारी २ ते ४ च्या दरम्यान. सर्वांत सोयीचे विमान दुपारी १२ च्या आसपास उतरणारे: जेवणाला पोचता, तासभर पडता, संध्याकाळी ताजे असता. मध्यरात्री उतरणारे तिकीट स्वस्त दिसले तरी कोणाच्या घरी उतरणार असाल तर घेऊ नका. यजमान जागा राहतो, स्वयंपाक करून ठेवतो, आणि रात्री २ वाजता तुमच्यासमोर भाताचे ताट येते.

तिकिटावर विमानतळाचा कोड वाचा. जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी. दोन्हींत रस्त्याने साधारण ६० किलोमीटर अंतर आहे आणि दोन्हींना लोक ‘गोवा एअरपोर्ट’च म्हणतात. टॅक्सीवाल्याला नुसते ‘एअरपोर्ट’ सांगून झोपी जाऊ नका. मोपाला जाताना म्हापशाच्या अलीकडचा रस्ता, विशेषतः पर्वरी, संध्याकाळी तुंबतो. मडगावकडून येणाऱ्यांनी गर्दीच्या वेळी अडीच तास धरून निघावे.

गोवा ते अम्मान एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर हवे. दोन वेगळी तिकिटे जोडून चार-पाच हजार वाचतात, पण मग मधल्या विमानतळावर बॅग आपली आपण उचलून पुन्हा द्यावी लागते, त्यासाठी त्या देशात प्रवेश घ्यावा लागतो, आणि प्रवेशासाठी व्हिसा. पहिले विमान उशिरा आले तर दुसरी कंपनी जबाबदार नाही. मुंबईमार्गे जोडणाऱ्यांची आणखी एक गोची: देशांतर्गत विमान टर्मिनल एकला उतरले तर टर्मिनल दोनला रस्त्याने जावे लागते. शिवाय पश्चिम आशियात तणाव वाढला की हवाई हद्द अचानक बंद होते. १३ जून २०२५ ला जॉर्डननेही बंद केली होती. अशा वेळी दुसऱ्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी कंपनीवर टाकता येते ती एकाच तिकिटावर. मधला थांबा ३ ते ४ तासांचा घ्यावा. दीड तासापेक्षा कमी असेल तर माणूस पोचतो, बॅग मागे राहते.

जेवणाची नोंद किमान २४ तास आधी करावी लागते, आणि इथे गोव्यातले पुष्कळ शाकाहारी फसतात. ‘हिंदू मील’ असे लिहिलेला एचएनएमएल हा पर्याय मांसाहारी आहे. त्यात गोमांस नसते, पण दुसरे मांस असू शकते. शाकाहारी हवे तर एव्हीएमएल, कांदा-लसूण चालत नसेल तर व्हीजेएमएल.

कागद

पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. जॉर्डनचा व्हिसा पोचल्यावर मिळतो, एका प्रवेशाचा दर ४० दिनार. पण पेट्रा, म्हणजे तिथले दगडात कोरलेले प्राचीन शहर, बघणार असाल तर तो विकत घेऊ नका. निघण्याआधी ऑनलाइन ‘जॉर्डन पास’ घ्या. पेट्राच्या किती दिवसांचे तिकीट हवे त्यावर त्याचे दर ७०, ७५ आणि ८० दिनार. देशात किमान तीन रात्री राहिलात तर व्हिसा शुल्क माफ होते. हिशेब साधा आहे: व्हिसा ४० आणि पेट्राचा एक दिवस ५०, मिळून ९०, पास ७० मध्ये, वर जेराश, अम्मानचा किल्ला, वादी रम वगैरे ठिकाणे धरून. पासवरचा क्यूआर कोड छापून न्या, कारण फोनची बॅटरी नेमकी इमिग्रेशनच्या रांगेत मरते. दर आणि नियम बदलतात, तेव्हा तिकिटाचे पैसे भरण्याआधी सरकारी साइटवर एकदा पडताळा.

पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे नोकरीसाठी काही देशांत जाताना सरकारी मंजुरी लागते असा शेरा, असेल (दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा असते) तर जॉर्डन अशा १८ देशांच्या यादीत आहे हे लक्षात ठेवा. नोकरीला नव्हे, भेटीला चाललो आहोत हे दाखवायला परतीचे तिकीट, यजमानाचे पत्र किंवा हॉटेलची नोंद हाताशी हवी. कागद नसतील तर मोपालाच थांबवतात. आणि खास गोव्याची गोष्ट: घरात एकाकडे भारतीय आणि दुसऱ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर दुसऱ्याने ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळते ते) बरोबर घेतले का ते बघा. जाताना त्यावाचून अडत नाही, परतताना अडते.

बॅगेत काय नको

शाकुतीचा मसाला नको. त्यात खसखस असते, आणि संयुक्त अरब अमिराती व सौदी अरेबियात खसखशीवर अमली पदार्थ म्हणून बंदी आहे. बॅग थेट अम्मानला जाते म्हणून चालेल असे वाटते, पण जोडविमान चुकले तर बॅगेसकट तुम्ही त्या देशात उतरता. अनारसेही त्याच कारणासाठी घरी ठेवा. फेणी आणि चोरीस (डुकराच्या मांसाचे सॉसेज) यांचा विचारही नको. जॉर्डनमध्ये दारू मिळते, पण मुसलमान घरी ती भेट म्हणून नेणे हा अपमान आहे. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या काढून ठेवा, तेलामुळे त्या पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतात. लोणचे हातातल्या बॅगेतून काढून घेतात. ड्रोन जॉर्डनच्या विमानतळावर जप्त होतो.

औषधे मूळ पाकिटांत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, चिठ्ठीवर औषधाचे रासायनिक नाव. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉल आणि झोपेच्या गोळ्या यांवर आखातात कडक नियम आहेत. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. १०० वॉट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची बँक असेल तर २० गुणिले ३.७, म्हणजे ७४ वॉट-तास, चालते. अंगावरचा आकडा पुसला गेलेली बँक सुरक्षा तपासणीत काढून घेतात.

भेट म्हणून न्यायला गोव्याचे सालीसकट भाजलेले काजू उत्तम. अर्ध्या किलोची कारखान्यातून बंद झालेली दोन पाकिटे न्या, घरी बांधलेली पुडी नको. बिबिंक किंवा दोदोल चालते, पण चेक-इनच्या बॅगेत आणि डब्यात घट्ट. यजमान भेट बाजूला ठेवून देईल, तुमच्यासमोर उघडणार नाही; तिथे तसाच रिवाज आहे.

एक स्वेटर हातातल्या बॅगेत. अरब देश म्हणजे उकाडा असे धरून लोक डिसेंबरात अर्ध्या बाह्यांच्या शर्टात उतरतात. अम्मान डोंगरांवर वसलेले, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर उंच. जानेवारीत रात्री पारा ५ अंशांखाली जातो, कधी बर्फही पडतो.

विमानात

निघण्याच्या दिवशी मासळी-भात चापून खाऊन बसू नका, हलके जेवा. दर तासाला पेलाभर पाणी, चहा-कॉफी एकदाच. आतल्या वाटेलगतची जागा घ्या. दर दीड-दोन तासांनी उठून एक फेरी, बसल्या जागी घोटे गोल फिरवणे, चवड्यावर-टाचेवर पाय दाबणे. पोटऱ्यांतले रक्त साकळू नये यासाठी हे. पायाच्या शिरा फुगणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून घट्ट मोजे घालावेत. झोपेची गोळी घेऊन बसू नका: पाय हलत नाहीत आणि विमान बदलताना डोके जड.

झोप कुठल्या टप्प्यात घ्यायची ते उतरण्याच्या वेळेवरून ठरवा. दुपारी उतरणार असाल तर पहिल्या टप्प्यात झोपा आणि दुसऱ्यात जागे राहा. दुसऱ्या टप्प्यात डुलकी लागली की अम्मानला अर्धवट झोपेत उतरता आणि व्हिसाच्या रांगेत चिडचिड होते. मधल्या थांब्यात तोंड-पाय धुवा आणि वरचा सदरा बदला. पुढचे विमान उतरले की तुम्ही थेट कोणाच्या तरी बैठकीत बसणार आहात. मोजे मात्र नक्की बदला. बूट दारात काढायचे आहेत.

उतरल्यावर

क्वीन अलिया विमानतळ शहराच्या दक्षिणेला साधारण ३५ किलोमीटरवर. रुपये तिथे सहज चालत नाहीत. गोव्यातूनच डॉलर घ्या आणि विमानतळावर टॅक्सी व सिमपुरतेच बदला. दिनार डॉलरला बांधलेला आहे, एक दिनार म्हणजे साधारण १.४१ डॉलर. आकडा छोटा दिसतो म्हणून हात सैल सुटतो, ५ दिनार म्हणजे ५ रुपये नव्हेत. झैन, ऑरेंज किंवा उम्निया यांचे सिम घ्या, पण भारतीय सिम फोनमध्येच राहू द्या, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. टॅक्सी ठरलेल्या दराच्या काउंटरवरून. तिथले पत्ते खुणांवर चालतात, अगदी आपल्या ‘देवळाकडून डावीकडे’सारखे, ड्रायव्हरच्या हातात फोन देऊन यजमानाशी बोलू द्या. बँका शुक्रवार-शनिवार बंद, आणि शुक्रवारी सकाळी रस्ते ओस.

पहिला फिंजान

दारात ‘अह्लन व सह्लन’ म्हणतील. उत्तर ‘अह्लन बीक’, बाईला ‘अह्लन बीकी’. पुरुषाने परक्या बाईपुढे आपण होऊन हात करू नये. उजवा हात छातीवर ठेवून मान लववावी. तिने हात पुढे केला तरच मिळवावा. बाईने परक्या पुरुषाशी वागतानाही तेच. बसताना पायाचे तळवे कोणाकडे रोखलेले नकोत. गुडघे दुखत असतील तर आधीच उशी मागा, अर्धा तास कण्हत बसण्यापेक्षा ते बरे.

आता कॉफी. ही साधी कडू कॉफी, साखर नाही, वेलदोडा भरपूर. वाढणारा डाव्या हातात दल्ला, म्हणजे लांब चोचीची कॉफीची किटली, धरतो आणि उजव्या हाताने बिनकानाचा छोटा कप, म्हणजे फिंजान, पुढे करतो. तुम्ही उजव्याच हाताने घ्यायचा. आत जेमतेम दोन-तीन घोट असतात. कमी वाढली म्हणून मनाला लावून घेऊ नका: काठोकाठ भरलेला फिंजान म्हणजे ‘प्या आणि निघा’. थोडी थोडी वाढायची, म्हणजे पुन्हा पुन्हा वाढता येते. संपवून रिकामा कप नुसता पुढे केलात तर तो पुन्हा भरणार. पुरे झाले की कप बोटांत धरून डावी-उजवीकडे दोन-तीनदा हलवा आणि परत द्या. तोंडाने ‘नको, पुरे’ म्हटलेले आग्रहात वाहून जाते. कप हलवला की वाढणारा थांबतो. दमलेल्या पाहुण्याने घरून निघण्याआधी एवढी एकच खूण घोटून घेतली तरी पुष्कळ.

बदूंमध्ये, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरब टोळ्यांत, तीन फिंजानांना नावे आहेत: पहिला दैफ, पाहुण्याचा, दुसरा कैफ, मौजेचा, तिसरा सैफ, तलवारीचा, म्हणजे यजमानावर संकट आले तर पाहुणाही त्याच्या बाजूने उभा राहील असा. एक तरी घ्यावाच. न पिता कप खाली ठेवू नका. जुन्या रिवाजात त्याचा अर्थ पाहुण्याला काही मागायचे आहे आणि शब्द मिळेपर्यंत तो पिणार नाही. शहरात आता कोणी इतके ताणत नाही, पण ज्येष्ठांच्या भुवया वर जातात. पिऊन झाल्यावर ‘दाय्मे’ म्हणा: हे असेच कायम राहो.

मग चहा येतो, पुदिन्याचा किंवा मरमिय्या नावाच्या पाल्याचा, आणि तो आपल्या लग्नातल्या चहापेक्षा गोड. मधुमेहींनी कपात पडण्याआधी ‘बिदून सुक्कर’ सांगावे, नंतर सांगून उपयोग नाही.

बोलायला विषय लागतो. ‘हिसाब’, ‘तारीख’, ‘दुक्कान’, ‘खबर’ हे शब्द तिथे ऐकू येतात आणि आपलेच वाटतात. खाणावळीत बिल मागायचे तर ‘अल-हिसाब’ पुरते. संत्र्याला अरबीत ‘बुर्तुकाल’ म्हणतात, पोर्तुगालवरून; हे गोवेकरानेच सांगावे. गोवा कुठे असे विचारले तर ‘सिंदाबूर’ म्हणून बघा, चौदाव्या शतकात इब्न बतूता इथे येऊन गेला तेव्हा अरबांत हेच नाव चालत होते.

ताटावर

मोठ्या पाहुण्यासाठी मन्सफ करतात. थाळ्यात पातळ श्राक रोटी, वर भात, वर मेंढीचे मांस, आणि जमीदाचा रस्सा. जमीद म्हणजे दह्याचे वाळवून दगडासारखे केलेले गोळे, पाण्यात भिजवून पातळ करतात. २०२२ साली युनेस्कोने मन्सफची वारसा म्हणून नोंद केली. पारंपरिक पद्धतीत सगळे थाळ्याभोवती उभे राहतात, डावा हात पाठीमागे, उजव्या हाताने भाताचा छोटा मुटका वळून तोंडात. आपल्या समोरच्या भागातूनच खायचे, मधल्या मांसाकडे हात न्यायचा नाही. चांगला तुकडा यजमान स्वतः तुमच्याकडे सरकवतो. भात गरम असतो, बोटे भाजतात. आधी कडेचा घ्या. हाताने जेवणाऱ्याला हे अवघड नाही, पण चमचा मागितलात तरी कोणी हसत नाही.

सुरुवातीला वेग कमी ठेवा. ताट रिकामे दिसले की ते भरायचे, हा नियम फोंड्यात आहे तसाच तिथेही आहे. पोट भरले की ‘अल-हम्दुलिल्लाह’ म्हणून हात मागे घ्या आणि थोडे शिल्लक राहू द्या. रांधणाऱ्या बाईला ‘येस्लमु इदेकी’, तुमचे हात सुखरूप राहोत.

शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी कळवा, ताट पुढे आल्यावर नव्हे. ‘अना नबाती’, बाईने ‘नबातिय्ये’. एवढ्यावर थांबू नका, कारण ‘बिदून लह्म’ म्हणजे बिनमांसाचे सांगितले की काही घरांत कोंबडी येते; ‘व बिदून दजाज’ हेही जोडा, आणि मासळीही नको असेल तर ‘व बिदून समक’. सोमवारी मासळी-मटण न खाणाऱ्यांचे हाल होत नाहीत: हुम्मुस, फलाफिल, फूल नावाची बाकल्याची उसळ, भाजलेल्या वांग्याचे मुतब्बल, लबने, म्हणजे चक्क्यासारखे घट्ट दही, झातर हा वाळलेल्या पाल्याचा मसाला लावलेली मनाकीश रोटी, आणि मुजद्दरा, म्हणजे मसूर-तांदळाची खिचडी, वर तळलेला कांदा. सूप आणि भात मात्र विचारून घ्या, ते बऱ्याचदा मांसाच्या रश्शात शिजवलेले असतात.

रस्त्यात कोणी खाता खाता ‘तफद्दल’ म्हणाला तर ते बहुधा आपले ‘या जेवायला’ असते. छातीवर हात ठेवून ‘शुक्रन’ म्हणा. तिसऱ्यांदा म्हणाला तर तो मनापासून बोलावतो आहे, बसा. पेट्रातले प्रकरण वेगळे: तिकिटात घोड्याची छोटी फेरी धरलेली असते, पण उतरताना बक्षिशी मागतात, देणार किती ते चढण्याआधीच ठरवा. रमजानात (दर वर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकतो) दिवसा रस्त्यावर खाऊ-पिऊ नका. त्या महिन्यात भेटीची वेळ सूर्यास्तानंतरची धरा.

घरात राहताना

पाणी जपून. पावसात चार महिने भिजणाऱ्या गोवेकराला हे सुचत नाही. अम्मानमध्ये बऱ्याच भागांत नळाला आठवड्यातून एखाद-दोनदाच पाणी येते आणि तेच गच्चीवरच्या टाकीत साठवून पुरवायचे असते. तुम्ही अर्धा तास शॉवरखाली उभे राहिलात तर कोणी काही बोलणार नाही, पण गुरुवारी घरात धुणे होणार नाही. अंग ओले करा, नळ बंद, साबण, मग पुन्हा नळ. प्यायला बाटलीचेच पाणी घ्या.

घरातल्या एखाद्या वस्तूचे कौतुक जपून करा. ‘किती सुंदर गालिचा’ म्हणालात तर तो गुंडाळून हातात देण्याची शक्यता खरी आहे, आणि नाकारणे अवघड. आधी ‘माशाल्ला’ म्हणा, आणि घराचे, मुलांचे, जेवणाचे एकत्र कौतुक करा. जेवणाचे पैसे देऊ करू नका. फारच अवघडल्यासारखे होत असेल तर निघताना लहान मुलांसाठी काजूचे दुसरे पाकीट काढा; ते तोवर जपून ठेवलेले असावे.

निघायची वेळ ४५ मिनिटे अलीकडची सांगा. ‘निघतो’ म्हटल्यावर एक कॉफी होते, उठल्यावर दारात गप्पा होतात, जिन्यात आणखी एक निरोप, आणि टॅक्सीची काच खाली केल्यावर वाटेत खायला म्हणून बांधलेले पुडके आत येते. त्यात ऑलिव्हचे तेल किंवा लबने निघाले तर ते विमानतळावर हातातल्या बॅगेत जाणार नाही. चेक-इनच्या बॅगेत दोन किलोंची जागा आणि एक जाड प्लास्टिकची पिशवी आधीच ठेवलेली असू द्या.